ग्रंथालये जळतात, मग ज्ञान टिकते कसे?

ग्रंथालयाचा नाश म्हटले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आगीचे लोळ उभे राहतात. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जळाले, नालंदा जळाले, हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे शिकवतोही. वर्गात हा विषय निघाला, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "ते ग्रंथ जळले नसते तर विज्ञान आज किती पुढे गेले असते?" या प्रश्नाला नेमके उत्तर देता येणार नाही. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र तपासून पाहता येतो. जे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले नाही ते खरोखर आगीतच गेले का? आणि जे पोहोचले ते कशामुळे? या लेखात आपण याच प्रश्नाचा मागोवा घेऊ या.

अलेक्झांड्रियात काय झाले?

इजिप्तच्या किनाऱ्यावरील अलेक्झांड्रिया शहरात टॉलेमी राजांनी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास एक विद्यापीठ आणि त्याला जोडून ग्रंथालय उभारले. ग्रंथ जमवण्याचा या राजांना जणू ध्यास होता. बंदरात आलेल्या जहाजांची झडती घेऊन ग्रंथ ताब्यात घेतले जात, त्यांची नक्कल करून नक्कल मालकाला परत दिली जात असे आणि मूळ ग्रंथ ग्रंथालयात ठेवला जात असे, असे गेलन या प्राचीन वैद्याने लिहून ठेवले आहे. कॅलिमॅकस या कवीने ग्रंथ व ग्रंथकारांची १२० गुंडाळ्या भरतील एवढी सूची केली होती. ग्रंथांची एकूण संख्या किती, याबद्दल मात्र प्राचीन लेखकांत मेळ नाही. कोणी चाळीस हजार म्हणतो, तर कोणी सात लाख.

हे ग्रंथालय एका रात्रीत नष्ट झाले, असा पुरावा मिळत नाही. इ. स. पूर्व १४५ च्या सुमारास आठव्या टॉलेमीने अनेक विद्वानांना शहरातून हाकलून दिले. इ. स. पूर्व ४८ मध्ये ज्युलियस सीझरच्या लढाईत बंदराजवळ आग लागली आणि तीत बरेच ग्रंथ गेले. इ. स. २७२ च्या सुमारास रोमन सम्राट ऑरेलियनच्या स्वारीत राजवाड्याचा परिसर उद्ध्वस्त झाला. सेरापिस देवतेच्या मंदिरात एक दुय्यम ग्रंथालय होते; ते मंदिर इ. स. ३९१ च्या सुमारास पाडले गेले. सातव्या शतकात अरबांनी ग्रंथ जाळून स्नानगृहांचे पाणी तापवले, अशी कथा सांगतात. पण ती घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांत प्रथम आढळते आणि बहुतेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत.

म्हणजे हा ऱ्हास पाच-सहाशे वर्षे चालू होता. या काळात आगीपेक्षा अधिक चिवट असा एक शत्रू रोज काम करत होता. ग्रंथ पपायरसवर, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या खोडापासून केलेल्या पट्ट्यांवर लिहिलेले होते. समुद्रकाठच्या दमट हवेत बुरशी लागते, कीड लागते. उघडून-गुंडाळून कडा फाटतात. वापरातली गुंडाळी दोन-तीनशे वर्षांपलीकडे क्वचितच टिकते. तेव्हा ग्रंथ जिवंत ठेवायचा तर दर काही पिढ्यांनी त्याची नवी नक्कल करावीच लागते. त्यासाठी लेखनिकांना पगार हवा, राजाला आस्था हवी आणि तो ग्रंथ वाचणारे लोक हवेत. यांपैकी एक गोष्ट थांबली, की आग न लागताही ग्रंथालय संपते.

थोडे गणित करून पाहू

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा मुद्दा संभाव्यतेच्या साध्या गणिताने पटवता येईल. समजा, कोणत्याही एका प्रतीला एक शतक तगून राहण्याची शक्यता निम्मी, म्हणजे १/२ आहे. (हा आकडा आपण केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.)

ग्रंथाची एकच प्रत असेल तर ती पाच शतके टिकण्याची शक्यता १/२ चा पाचवा घात, म्हणजे १/३२ येते. टक्केवारीत सांगायचे तर जेमतेम ३ टक्के.

आता दहा वेगवेगळ्या गावांत दहा प्रती आहेत असे माना. पाच शतकांनी त्यांतील निदान एक तरी उरण्याची शक्यता सुमारे २७ टक्के येते. हे बरे झाले, पण पुरेसे नाही.

आता तिसरी परिस्थिती घ्या. प्रत्येक शतकाच्या अखेरीस उरलेल्या प्रतींवरून पुन्हा नकला करून संख्या दहावर आणली जाते. एका शतकात दहाच्या दहा प्रती नष्ट होण्याची शक्यता १/१०२४ आहे. त्यामुळे पाच शतके ग्रंथ टिकून राहण्याची शक्यता ९९.५ टक्क्यांच्या घरात जाते!

प्रत तेवढीच नाजूक आहे, संकटेही तेवढीच आहेत. फरक पडला तो केवळ पुन्हा पुन्हा नकला केल्याने. या गणितात एक गृहीतक दडलेले आहे, ते विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावे. दहा प्रतींचे नशीब एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजे. दहाही प्रती एकाच कपाटात ठेवल्या, तर त्या आगीच्या किंवा पुराच्या दृष्टीने एकच प्रत ठरतात. अलेक्झांड्रियासारख्या प्रचंड संग्रहाचे दुबळेपण नेमके येथे होते.

आगीने राखलेले ग्रंथालय

ग्रंथ कशावर लिहिला आहे आणि तो कुठल्या हवेत आहे, यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. इराकमधील निनेव्हे येथे असुरबनिपाल या असीरियन राजाचे ग्रंथालय होते. तेथील ग्रंथ मातीच्या ओल्या फलकांवर टोकदार बोरूने कोरून वाळवलेले असत. इ. स. पूर्व ६१२ मध्ये शत्रूने निनेव्हे जाळले. कच्ची माती पाण्याने विरघळते, परंतु भाजलेली माती हजारो वर्षे टिकते, हे आपल्याला विटेवरून आणि खापरावरून ठाऊक आहे. या आगीत अनेक फलक आव्यात भाजावेत तसे भाजून निघाले. एकोणिसाव्या शतकात उत्खननात सापडलेले असे सुमारे तीस हजार फलक व तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गमेश महाकाव्यातील जलप्रलयाची कथा त्यांतल्याच एका फलकावर १८७२ मध्ये वाचली गेली.

इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस या गावाची गोष्ट आणखी वेगळी. तेथील लोकांनी फाटके कागदपत्र गावाबाहेरच्या उकिरड्यांवर टाकले. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही, त्यामुळे बुरशीला लागणारा ओलावाच मिळाला नाही. १८९६-९७ पासून झालेल्या उत्खननात या उकिरड्यांतून पपायरसचे लाखो तुकडे निघाले. राजाश्रय लाभलेल्या ग्रंथालयातील एकही गुंडाळी आज आपल्या हाती नाही आणि एका आडगावच्या कचऱ्यातून मात्र हरवलेली नाटके आणि पत्रे बाहेर आली.

आपल्याकडील ताडपत्रांना आणि भूर्जपत्रांना ही कोरडी हवा लाभली नाही. पावसाळ्याचे चार महिने, वाळवी आणि कसर यांच्याशी झुंजण्यासाठी पोथी दोन फळ्यांत घट्ट बांधणे, कापडात गुंडाळणे, त्यात वेखंड ठेवणे असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या होत आले. अनेक पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाने तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपण्याची कळकळीची विनंती केलेली आढळते. तरीही येथे खरा उपाय एकच होता, तो म्हणजे पुन्हा नक्कल करणे.

जे शिकवले जाते ते टिकते

मग नक्कल कोणत्या ग्रंथाची होते? येथे शिक्षकांना विशेष रस वाटेल अशी एक गोष्ट दिसते. ज्या ग्रंथावरून शिकवले जाते त्याच्या प्रती सतत निघत राहतात.

इरॅटोस्थेनिस हा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. सायीन येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो, तर त्याच वेळी अलेक्झांड्रियात सूर्यकिरण उभ्या रेषेशी वर्तुळाच्या १/५० एवढा कोन करतात. दोन शहरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरले, तर पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया येतो. हा प्रयोग आज जगभरच्या शाळांत करून पाहतात. पण इरॅटोस्थेनिसचा मूळ ग्रंथ केव्हाच नष्ट झाला. प्रयोगाची ही हकिकत आपल्याला मुख्यतः क्लिओमिडीस नावाच्या लेखकाच्या खगोलशास्त्रावरील एका प्राथमिक पुस्तकातून कळते. क्लिओमिडीस काही मोठा संशोधक नव्हता. त्याने जे लिहिले ते शिकणाऱ्यांसाठी लिहिले आणि म्हणूनच ते नकलले गेले.

युक्लिडची भूमिती याच कारणाने टिकली. मात्र या नियमाची दुसरी बाजूही आहे. हिपार्कसने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात ताऱ्यांची यादी केली होती. पुढे टॉलेमी या ज्योतिर्विदाचा 'अल्माजेस्ट' हा सर्वसमावेशक ग्रंथ प्रचारात आला, आणि जुन्या यादीची नक्कल करण्याचे कोणाला कारण उरले नाही. चांगल्या पाठ्यपुस्तकानेही जुने ग्रंथ मारले जातात ते असे.

आपल्याकडे आर्यभटाचे 'आर्यभटीय' टिकले, पण त्याचा 'आर्यभट-सिद्धान्त' हा दुसरा ग्रंथ लुप्त झाला. इतरांनी दिलेल्या उताऱ्यांवरूनच तो आपल्याला माहीत आहे. याउलट भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या असंख्य प्रती आणि टीका देशभर सापडतात. या टिकण्यामागे एक जाणीवपूर्वक केलेली व्यवस्थाही होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. ग्रंथ जपण्यासाठी नातवाने कोठार बांधले नाही, शाळा काढली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दूर गेलेल्या प्रती

नालंदाचा विध्वंस इ. स. १२०० च्या सुमारास झाला. तिबेटी परंपरेनुसार तेथील ग्रंथालयाच्या तीन इमारती होत्या आणि त्यांतील एक नऊ मजली होती. तेथे काय काय गेले याची यादी करणे आता शक्य नाही. तरीही सारेच गेले नाही, याचे कारण म्हणजे प्रवासी. ह्युएन त्सांग इ. स. ६४५ मध्ये चीनला परतला तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते. तिबेटी पंडितांनी तर शेकडो वर्षे नालंदा आणि विक्रमशीला येथील ग्रंथांची भाषांतरे केली. धर्मकीर्तीचा 'प्रमाणवार्तिक' हा तर्कशास्त्रावरील ग्रंथ मूळ संस्कृतात भारतात दुर्मीळ होऊन बसला होता. विसाव्या शतकात राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या चार खडतर यात्रा केल्या आणि तेथील मठांत जपलेल्या या ग्रंथाच्या आणि इतर अनेक ग्रंथांच्या संस्कृत पोथ्यांचा शोध लावला.

नालंदाविषयी आणखी एक नोंद वाचताना मन हेलावते. धर्मस्वामिन् हा तिबेटी भिक्षू १२३५ च्या सुमारास तेथे पोहोचला. तेव्हा उद्ध्वस्त विहारात नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते.

ग्रीक विज्ञानाचेही असेच झाले. आठव्या ते दहाव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली. शंकुच्छेदांवरील अपोलोनियसच्या ग्रंथाचे आठ भाग होते. त्यांपैकी पहिले चार ग्रीकमध्ये उरले, पाच ते सात केवळ अरबी भाषांतरात टिकले आणि आठवा हरवला. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटले. पण तोवर या ग्रंथांच्या प्रती स्पेनपासून मध्य आशियापर्यंत पसरल्या होत्या. आपल्या गणितातील 'वेगवेगळ्या गावांतील प्रती' त्या याच.

प्रत्येक नकलेत चुकाही शिरतात. पण दोन लेखनिक सहसा वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, म्हणून अनेक प्रती ताडून पाहिल्या तर मूळ पाठाच्या जवळ जाता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, ती बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा आधार घेऊन. एकच प्रत उरली असती तर तिच्यातील चूक कोणती, हे ओळखायलाही साधन राहिले नसते.

पुसलेली अक्षरे

काही वेळा ज्ञान नष्ट करणाऱ्यानेच ते नकळत राखलेले असते. दहाव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये आर्किमिडीजच्या ग्रंथांची एक प्रत चर्मपत्रावर लिहिली गेली. चर्मपत्र महाग असे. १२२९ मध्ये कोणा धर्मगुरूने त्यावरील अक्षरे खरवडून, पाने आडवी करून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. प्रार्थनेचे पुस्तक म्हणून ती पाने मठात सांभाळली गेली. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश विद्वानाला खालची पुसट अक्षरे आर्किमिडीजची असल्याचे ओळखता आले. त्यांतील 'पद्धती' हा ग्रंथ अन्यत्र कोठेही उपलब्ध नाही. क्षेत्रफळे व घनफळे आधी तराजूच्या कल्पनेने कशी शोधून काढली, हे आर्किमिडीज त्यात सांगतो. त्याची विचार करण्याची रीत त्यामुळेच आपल्याला समजली.

पुढे हे पुस्तक दिसेनासे झाले आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरला विकले गेले. त्यानंतरची दहा वर्षे त्यावर शास्त्रज्ञांनी काम केले. वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात पानांची छायाचित्रे घेऊन संगणकाने वरची व खालची शाई वेगळी केली. काही पानांवर नंतर चित्रे रंगवली होती. तेथे क्ष-किरणांचा उपयोग झाला. जुनी शाई हिराकस व मायफळ यांपासून केलेली, म्हणजे लोहयुक्त होती. तीव्र क्ष-किरण पडले, की लोहाचे अणू स्वतःचे वैशिष्ट्यपूर्ण क्ष-किरण बाहेर टाकतात. त्यांवरून अक्षरांचा नकाशा काढता आला. याच प्रकारच्या तंत्राने २०२२ मध्ये सिनाई पर्वतावरील मठातून आलेल्या एका खरवडलेल्या चर्मपत्रावर हिपार्कसच्या हरवलेल्या यादीचा काही अंश वाचता आला.

आपल्या काळात

ग्रंथालये जाळणे हा केवळ प्राचीन काळचा प्रकार नव्हे. १९१४ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे ग्रंथालय जर्मन सैन्याने जाळले. पुन्हा उभारल्यावर १९४० मध्ये ते परत जळाले. १९८१ मध्ये श्रीलंकेतील जाफन्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात सुमारे ९७,००० ग्रंथ भस्मसात झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये साराजेव्होच्या राष्ट्रीय ग्रंथालयावर तोफांचा मारा झाला. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेची एका जमावाने नासधूस केली. या ठिकाणी ग्रंथ अपघाताने सापडले नव्हते. कोणाची तरी स्मृती पुसणे किंवा कोणाला तरी धडा शिकवणे हा हेतू होता. उलट २०१२ मध्ये माली देशातील टिंबक्टू शहर बंडखोरांच्या ताब्यात गेले तेव्हा तेथील ग्रंथपालांनी आणि सामान्य कुटुंबांनी लाखो हस्तलिखिते पत्र्याच्या पेट्यांत भरून, गाढवगाड्यांतून आणि होड्यांतून गुपचूप राजधानीकडे हलवली.

शांततेच्या काळातला नाश मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकात कागदाला शाई फुटू नये म्हणून तुरटी व राळ वापरू लागले आणि पुढे चिंध्यांऐवजी लाकडाचा लगदा आला. अशा कागदात आम्ल तयार होते. ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते, त्यामुळे कागद ठिसूळ होतो. लाकडातील लिग्निन प्रकाशात पिवळे पडते. शंभर वर्षांपूर्वीची मराठी पुस्तके आणि मासिके हातात घेताच कोपरे तुटतात, ते यामुळेच. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या कार्बोनेटची प्रक्रिया करून आम्ल मारता येते, पण तुटलेल्या साखळ्या त्याने जोडल्या जात नाहीत.

आता सारे संगणकावर घातले, की प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने देशाची जमीनपाहणी चर्मपत्रावर लिहून घेतली. तिच्या नवव्या शताब्दीनिमित्त १९८६ मध्ये बीबीसीने हजारो शाळांच्या मदतीने तशीच नवी पाहणी करून ती लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि माहिती वाचवण्यासाठी खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र अजूनही उघडून वाचता येते. माणूस चंद्रावर प्रथम उतरला त्या १९६९ च्या मोहिमेच्या मूळ चुंबकीय फितीसुद्धा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. संगणकावर नक्कल करणे अतिशय स्वस्त झाले आहे, परंतु नक्कल करत राहण्याची गरज संपलेली नाही. उलट ती आता शतकाऐवजी दशकावर आली आहे.

शाळेत काय करता येईल?

हा विषय वर्गात प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा आहे. वर्तमानपत्राचा एक तुकडा आठ दिवस उन्हात आणि दुसरा अंधाऱ्या खणात ठेवून रंगातील फरक पाहावा. एक परिच्छेद दहा विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वहीतून क्रमाने उतरवून घ्यावा आणि शेवटी चुका मोजाव्यात. मग दहा जणांनी मूळ प्रतीवरून उतरवून, त्या प्रती ताडून मूळ पाठ पुन्हा जुळवावा. वर दिलेले संभाव्यतेचे गणित नाणे उडवूनही करता येते.

याहून महत्त्वाचे काम शाळेच्या कपाटात आहे. बऱ्याच शाळांत पन्नास-शंभर वर्षांपूर्वीची हस्तलिखित वार्षिके, हजेरीपट, पावसाच्या नोंदी, गावाची माहिती लिहिलेल्या वह्या पडलेल्या असतात. त्यांची जगात दुसरी प्रत नसते. त्या कोणी जाळणार नाही. एखाद्या सुट्टीत रंगकाम निघेल आणि त्या रद्दीत जातील, एवढेच. अशी एक वही निवडून विद्यार्थ्यांकडून तिची यादी करून घ्यावी, पानांची छायाचित्रे घ्यावीत, एक प्रत शाळेत, एक गावच्या वाचनालयात आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावी. आणि त्यातील एखादे पान वर्गात वाचून त्यावर धडा घ्यावा. वापरात असलेली वही रद्दीत देताना कोणाचाही हात थबकतो.